लाखेच्या मोहोरेखालचं घर

१९४५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेच्या तिजोरीत एक हस्तलिखित गेलं. वर लाखेची मोहोर, सोबत लेखी अट: लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं उघडायचं नाही. लेखक होता यूजीन ओनील, १९३६ चा नोबेल मानकरी. आत होतं ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’.

लपवावं असं त्यात होतं ते स्वतःचं घर.

नाटक घडतं १९१२ च्या ऑगस्टातल्या एका दिवसात, समुद्रकाठच्या एका उन्हाळी घरात. तसं घर ओनील कुटुंबाचं कनेटिकटमधल्या न्यू लंडनला खरोखरच होतं. नाव माँटे क्रिस्टो कॉटेज, वडिलांच्या भूमिकेवरून पडलेलं. जेम्स ओनील तरुणपणी एडविन बूथसारख्या दिग्गजासमोर आलटूनपालटून ऑथेल्लो आणि इयागो करायचे. १८८३ मध्ये माँटे क्रिस्टोच्या काउंटची भूमिका मिळाली, गल्ला भरू लागला, नाटकाचे हक्कच त्यांनी विकत घेतले आणि मग हजारो प्रयोग तोच काउंट. शेक्सपिअर राहिला तो राहिलाच. बायको एला त्यांच्यामागे गावोगावच्या हॉटेलांत दिवस काढत होती. १८८८ मध्ये यूजीनचा जन्मही ब्रॉडवेवरच्या हॉटेलातच झाला. त्या बाळंतपणात दिलेल्या मॉर्फिनची तिला जी सवय जडली, ती पाव शतक सुटली नाही. थोरला जेमी दारूत बुडाला. १९१२ मध्ये यूजीनला क्षय झाला.

हे सगळं नाटकात आहे, आडनाव तेवढं टायरोन. पण मला या नाटकाची किल्ली सापडते ती दुसऱ्याच एका नावात. यूजीनच्या आधी या घरात एडमंड नावाचा एक मुलगा तान्हेपणी गोवराने गेला होता. नाटकात क्षय झालेल्या धाकट्या मुलाचं, म्हणजे लेखकाच्या प्रतिरूपाचं, नाव एडमंड आहे. आणि गोवराने गेलेल्या बाळाचं नाव यूजीन.

हे लिहिलं गेलं १९३९ ते १९४१ च्या दरम्यान, कॅलिफोर्नियात डॅनव्हिलजवळच्या ताओ हाउसमध्ये. हात थरथरायचे, टंकयंत्रावर लिहिणं त्याला जमत नसे. पेन्सिलीने काढलेली अक्षरं इतकी बारीक की पत्नी कार्लोटा टंकलेखनाला बसे ती भिंग घेऊन. लिहून बाहेर येई तेव्हा त्याचे डोळे रडून लाल झालेले असत, असं ती सांगे. २२ जुलै १९४१ ला, लग्नाच्या बाराव्या वाढदिवशी, त्याने हे नाटक तिलाच अर्पण केलं. आई, वडील आणि भाऊ १९२३ पर्यंतच गेले होते. मग पंचवीस वर्षांची ही मोहोर कोणाची अब्रू राखायला?

२७ नोव्हेंबर १९५३ ला ओनील गेला. कार्लोटाने नाटक छापायला सांगितलं. प्रकाशक बेनेट सर्फ यांनी अटीवर बोट ठेवून नकार दिला. वारस या नात्याने तिने हस्तलिखित परत घेतलं आणि येल विद्यापीठाला दिलं. मला सर्फ यांचा हट्ट पटतो. पण कार्लोटाने तो मानला असता, तर नाटक १९७८ पर्यंत तिजोरीतच राहिलं असतं, हेही खरं.

पहिला प्रयोग अमेरिकेत झालाच नाही. ब्रॉडवे ओनीलला विसरत चालला होता तेव्हाही स्वीडनने त्याची नाटकं सोडली नव्हती. १० फेब्रुवारी १९५६ ला स्टॉकहोमच्या रॉयल ड्रॅमॅटिक थिएटरमध्ये पडदा वर गेला, तोही स्वीडिश भाषेत. ब्रॉडवेवर ते त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला आलं: दिग्दर्शक होझे किंटेरो, वडिलांच्या भूमिकेत फ्रेडरिक मार्च, जेमीच्या जेसन रोबार्ड्‌स. ३९० प्रयोग झाले. १९५७ चं पुलित्झर मिळालं, ओनीलचं चौथं.

शेवटच्या अंकात बाप विजेच्या बिलावरून मुलाशी भांडतो, मग रागाच्या भरात झुंबरातले तिन्ही दिवे लावतो. त्याच उजेडात माँटे क्रिस्टोच्या पैशापायी आपण काय गमावलं ते पहिल्यांदा बोलून दाखवतो. बोलणं संपतं. दिवे डोळ्यांना टोचतात म्हणतो, आणि एकेक करून विझवून टाकतो.