स्वामी, टिपू आणि बेलवडीची देसाईण

कोवाड हे गाव बेळगावपासून लांब नाही. रणजित देसाई त्या गावचे. त्यामुळे 'स्वामी' ही कादंबरी आमच्या घरात एखाद्या नात्यातल्या माणसासारखी वावरली. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, हे मला पुढे कळले. लहानपणी एवढेच ठाऊक होते की, पुठ्ठा सुटलेले, आईने खळीने कापडाची पट्टी चिकटवलेले ते पुस्तक फळीवर ज्ञानेश्वरीशेजारी असे. दुपारी भांडीकुंडी आटोपली की आई ते मोठ्याने वाची. गोष्ट थेऊरला पोचली की मात्र ती पुस्तक मिटे. "पुढचं तूच वाच रे," एवढे म्हणून आत निघून जाई.

१९८७ मध्ये दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका आली. दिग्दर्शन गजानन जागीरदारांचे. मी तेव्हा पुण्यास मावशीकडे सुट्टीला गेलो होतो. रवींद्र मंकणींचा माधवराव आणि मृणाल देव यांची रमा पाहिली, आणि तेव्हापासून आजतागायत माधवराव पेशव्यांचे नाव निघाले की मला तेच दोन चेहरे दिसतात. एम.ए.ला असताना सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे खंड चाळले. तिथे वेगळाच माधवराव भेटला. कर्जाने वाकलेला, हिशेबात काटेकोर, चुलत्याच्या कारस्थानांनी त्रासलेला आणि पुनःपुन्हा कर्नाटकात स्वारीला उतरणारा. १७६४ साली त्याने हैदराकडून धारवाड घेतले. म्हणजे आम्ही ज्या रस्त्याने लग्नाकार्याला जातो, त्याच मुलखात त्याचे तळ पडले होते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने तो गेला, तेव्हा वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. परंतु घराघरांतल्या बायकांना जी रमा माहीत आहे, तिचे बोलणे, तिचे रुसणे, ते मला त्या खंडांत कुठे सापडले नाही. ते कोवाडच्या लेखकाने दिले. यात मला फसवणूक वाटत नाही. मला इतिहासाकडे त्याच पुस्तकाने ढकलले, नाहीतर वडिलांच्या इच्छेप्रमाणे मी कॉमर्सला गेलो असतो.

अडचण दुसरीकडून आली.

१९९० साली 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' ही हिंदी मालिका सुरू झाली. भगवान गिडवाणींच्या कादंबरीवर ती बेतलेली होती. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, तोही शेजारच्या कानडी मास्तरांकडे. आम्ही सगळे तिथेच दाटीवाटीने बसत असू. मालिकेवरून देशभर वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ही कथा काल्पनिक आहे अशा अर्थाची सूचना पडद्यावर दाखवली जाऊ लागली. मी विजयी मुद्रेने मास्तरांकडे पाहिले. ते शांतपणे कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "अशी पाटी तुमच्या 'स्वामी'ला होती काय रे?"

मला उत्तर सुचले नाही.

मग त्यांनीच शृंगेरीचा विषय काढला. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेच्या मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने मदत पाठवली. त्याने स्वामींना लिहिलेली पत्रे १९१६ साली उजेडात आली. कोडगू आणि मलबारात टिपूने काय केले, तेही मास्तरांना पाठ होते आणि ते त्यांनी लपवले नाही. मी मात्र शृंगेरीचे नाव त्या दिवशी प्रथमच ऐकत होतो. आमच्या आवडत्या कादंबऱ्यांत मराठी फौजा नेहमी देवळे सोडवायला जात. लुटायला गेल्याचे प्रकरण माझ्या वाचनात आले नव्हते.

आता मीच मुख्याध्यापक आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत संभाजीराजांच्या तोंडचे म्हणून पाच ओळींचे भाषण लिहिले. भाषण सुंदर होते, पण ते रात्रीच्या मालिकेतले होते. मी गुण कापले. दुसऱ्या दिवशी वडील आले. "सर, महाराजांच्या शब्दांचे गुण कापता?" त्यांचा राग खोटा नव्हता. मालिकेच्या लेखकाने ते शब्द लिहिले आहेत हे पटवायला अर्धा तास लागला, आणि पटले असे अजूनही वाटत नाही.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तर खरीच कसोटी लागली. नववीच्या मुलांनी बेलवडीवर नाटुकले बसवायचे ठरवले. बेलवडी आमच्याच जिल्ह्यातली, बैलहोंगल तालुक्यातली. १६७८ च्या आरंभी कर्नाटकाच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांच्या फौजेचा तिथल्या गढीशी संघर्ष झाला आणि एका देसाईणीने गढी सत्तावीस दिवस लढवली असे सांगतात. मराठीत ती सावित्रीबाई, कानडीत मल्लम्मा. मराठीत कथेचा शेवट महाराजांच्या औदार्याने होतो. तिच्याशी गैरवर्तन करणाऱ्या सखुजी गायकवाडाला कठोर शिक्षा झाली, तिचा मान राखला गेला. कानडीत कथा तिच्या तलवारीची. धारवाडजवळ यादवाडला महाराजांचे एक दगडी शिल्प आहे, ते तिनेच बसवले असे तिकडे मानतात.

मराठी पालक म्हणाले, महाराजांचे सैन्य एका बाईपुढे अडले असे दाखवू नका. कानडी पालक म्हणाले, मल्लम्माला शेवटी हात जोडायला लावू नका. दोन्ही बाजूंना हवा होता तो आपापल्या कादंबरीतला शेवट. मी त्यांना राजापूरच्या इंग्रजांचे फेब्रुवारी १६७८ चे पत्र समजावून सांगितले. इतकी राज्ये जिंकणाऱ्याला ही बाई आवरत नाही, असा त्याचा आशय आहे. ते इंग्रज महाराजांचे मित्र नव्हते, म्हणून त्यांचा सूर थोडा वजा करून वाचावा लागतो, हेही सांगितले. पण वेढा लांबला, तिने झुंज दिली, हे त्यातून स्पष्ट होते. आणि महाराजांच्या माणसाला महाराजांनीच शिक्षा केली ही आठवण मराठी परंपरेनेच जपली, त्यात कमीपणा कसला?

एका कानडी आजोबांनी विचारले, "मग तिचं नाव काय ठेवणार?"

मी मुलांवर सोडले. नाटुकल्यात मराठे सरदार तिला 'सावित्रीबाई' म्हणाले, गढीतली माणसे 'मल्लम्मा'. भूमिका करणारी मुलगी घरी कोंकणी बोलणारी निघाली. तिने दोन्ही भाषांतले संवाद चोख पाठ केले होते. शेवट मुलांनीच बदलला. गढीचे दार उघडते, ती बाहेर येते, आणि ती काही बोलायच्या आत पडदा पडतो. पडदा ओढणारा दोर मध्येच अडकला, तेव्हा ती मुलगी बराच वेळ तशीच मान ताठ ठेवून उभी राहिली. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजत होत्या.