जानेवारी-जुलैचा कागद

बुलढाणा जिल्ह्यात खामगावातलं नर्सिंग होम असो, चिखलीतलं प्रसूतिगृह असो की मलकापुरातलं हाडांचं हॉस्पिटल, त्याच्या फायलीत एक कागद असावा लागतो: फॉर्म बी. आग विझवण्याची आणि आगीची सूचना देण्याची साधनं चालू स्थितीत आहेत, असं परवानाधारक एजन्सीने त्यावर लिहून द्यायचं. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. बोलताना सगळे त्याला ‘फायर ऑडिट’च म्हणतात. हा कागद आला महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यातून. कायदा लागू झाला ६ डिसेंबर २००८ ला. या कायद्याने जबाबदारी मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकली. ‘आम्ही फक्त भाडेकरू’ म्हणून डॉक्टरांना सुटता येत नाही.

कागद तसा अलीकडचा, पण त्याचं कूळ जुनं आहे.

आगीचे नियम आपल्याकडे आधी शहरांसाठी आले. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटातली वस्ती जळाली, त्यानंतर इंग्रजांनी कोटाभोवतीचं मोकळं मैदान वाढवलं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात मेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ आजही त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. पण या सगळ्या विचारात एक गोष्ट धरून चाललेली होती: आग लागली की माणूस पळेल. त्याला वाट मोकळी करून दिली की काम झालं.

रुग्णालयात हा हिशेब चुकतो. कुणाच्या पायाला वजन लावलेलं असतं, कुणी नुकतंच ऑपरेशन होऊन गुंगीत असतं, कुणाच्या नाकातोंडात नळ्या असतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एफिंगहॅम गावी ४ एप्रिल १९४९ च्या रात्री सेंट अँथनी रुग्णालय जळालं. जिने उघडे, छताला जळणारं सामान, आणि मळके कपडे खाली टाकायची उभी नळी आग वर नेणारी. सत्तरहून अधिक माणसं गेली. नवजात कक्षातली बाळंही गेली आणि त्यांना सोडून न गेलेली परिचारिकाही. त्यानंतर तिकडे रुग्णालयांच्या जिन्यांना भिंती आणि आपोआप बंद होणारी दारं लावण्याचा आग्रह वाढला. त्यामागचा विचार असा की रुग्णाला चार मजले खाली नेता येणार नसेल, तर त्याच मजल्यावर भिंतीपलीकडे न्यावं, आणि त्या भिंतीने तेवढा वेळ आग अडवून धरावी.

त्याच १९४९ साली मुंबई इलाख्यात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा झाला. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो १९५६ ला. त्या कायद्याचं लक्ष नोंदणीवर, जागेवर आणि कर्मचाऱ्यांवर होतं. आगीचा वेगळा विचार पुढे आला. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता निघाली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. तिच्यात रुग्णालयाला वेगळा वर्ग आहे. रुग्णालयाचा कॉरिडॉर २.४ मीटर रुंद हवा, कारण समोरासमोर आलेल्या दोन खाटा एकमेकींना घासून का होईना पुढे गेल्या पाहिजेत. दहाहून अधिक खाटा असतील तर जिना २ मीटरचा. बाहेर पडायच्या वाटा किमान दोन, आणि त्या एकमेकींपासून लांब. संहिता ही शिफारस असते, राज्याने स्वीकारली की ती बंधन होते. २००६ च्या कायद्याने ते केलं.

तरीही माणसं मरत राहिली. ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात पहाटे आग लागली. जागा गाड्या लावायची, तिथे जळाऊ सामान साठवलेलं. धूर एसीच्या डक्टमधून वरच्या मजल्यांवर गेला, काचेच्या बंद इमारतीतून बाहेर पडायला त्याला जागा नव्हती. नव्वदहून अधिक जण गेले, बहुतेक सगळे गुदमरून.

कोविडच्या काळात राजकोटच्या रुग्णालयातल्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० ला सांगितलं, की प्रत्येक कोविड रुग्णालयाचं महिन्यातून एकदा तरी फायर ऑडिट करा. त्यानंतर बावीस दिवसांनी, ९ जानेवारी २०२१ ला, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातला नवजात कक्ष पेटला. हा कोविडचा वॉर्ड नव्हता. आपल्याकडे घरात म्हणतात, ‘बाळाला काचेत ठेवलंय’. काचेत ठेवलं म्हणजे आता काळजी नको, असा त्यात विश्वास असतो. त्या रात्री दहा बाळं गेली. त्यांतली तीन भाजून आणि सात धुराने. शेजारच्या भागातली सात बाळं वाचवता आली. फायर ऑडिट हा शब्द विदर्भातल्या घराघरांत पोचला तो त्या सकाळी. राज्यभरातल्या रुग्णालयांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पंधरा जण गेले आणि नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयात एकाच दिवशी अकरा.

अतिदक्षता विभाग इतक्या पटकन का पेटतो, हे समजून घ्यायला हवं. आपल्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. मास्कमधून आणि नळ्यांमधून तो खोलीत गळत राहतो, खिडक्या बंद असतात, एसी आतलीच हवा फिरवतो. प्रमाण थोडं जरी वाढलं तरी चादर, गादी, पडदा भराभर पेट घेतात. ठिणगी येते बहुधा वायरिंगमधून. पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशेबाने ओढलेल्या वायरवर एसी, वॉर्मर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप चढतात. भार वाढला की वीज तोडणारा एमसीबी सारखा पडायला लागला की १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवतात, वायर मात्र तीच राहते. मला यात सगळ्यात जास्त भीती वाटते ती या एमसीबीची. लाल सिलिंडर भिंतीवर सगळ्यांना दिसतो, त्याच्या गेजचा काटा हिरव्यात आहे का आणि चिठ्ठीवर भरल्याची तारीख काय, हेही कुणी वाकून पाहू शकतं. फळीमागचा एमसीबी बदलला, ते बदलणाऱ्यालाच ठाऊक.

बुलढाणा जिल्ह्यात महानगरपालिका एकही नाही. सगळ्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती. त्यामुळे मोठ्या शहरासारखं भरलेलं अग्निशमन खातं इथे हाताशी नसतं, आणि बंब पोचेपर्यंतची मिनिटं इमारतीलाच निभावून न्यावी लागतात. तालुक्याच्या गावांत खाली मेडिकल आणि दुकानं, वर हॉस्पिटल, मध्ये एकच जिना, अशी रचना सर्रास दिसते. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर उभं करून फिरवावं लागत असेल, तर तो जिना रुग्णालयाचा नव्हे. दुसरी अडचण पाण्याची. येळगाव धरण आटायला लागलं की बुलढाणा शहर नळाच्या वाराची वाट पाहतं. अशा वेळी आगीसाठी राखलेल्या टाकीतलं पाणी वापरायचा मोह होतो. पण त्या टाकीचा घरगुती नळाशी संबंधच नसावा, ती मेमध्येही काठोकाठ भरलेली असावी.

बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेचं महत्त्व या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटली ती नेमकी दाराच्या बाजूवर, आणि पेटली. पंचवीस प्रवासी जळाले. वाचलेल्या आठांतले काही काच फोडून बाहेर आले.

रुग्णालयांतल्या या आगींपैकी काहींच्या वेळा एकाखाली एक लिहून पाहाव्यात. एफिंगहॅम रात्री. कोलकाता पहाटे. भंडारा दीड-दोनच्या सुमारास. विरार तीनच्या आसपास. त्या वेळी वॉर्डात असते एखादी सिस्टर, एखादी मावशी, आणि खाली गेटवर वॉचमन. मॉक ड्रिल मात्र दिवसाउजेडी होते, सगळा स्टाफ हजर असताना, फोटोसाठी अंगणात थोडा कचरा पेटवून. जुलैचा फॉर्म बी सही होण्याआधी जिल्हा रुग्णालयाने आणि मोठ्या खासगी रुग्णालयांनी एक ड्रिल रात्री दोनला घ्यावी. त्या रात्री ड्युटीवर असतील तेवढ्याच माणसांना घेऊन, खाटेवर खरोखर वजन ठेवून, एका वॉर्डातून आगरोधक दारापलीकडच्या दुसऱ्या वॉर्डात ती न्यावी. किती मिनिटं लागली आणि खाट कुठल्या उंबऱ्याला अडली, ते फॉर्म बीच्या मागेच लिहून ठेवावं.