धीराचें भांडवल

भांडवल दोन प्रकारचें असतें. एक तयार मालावर लावलेलें; माल विकला कीं तें नफ्यासह परत येतें. दुसरें अद्याप सिद्ध न झालेल्या विद्येवर लावलेलें. तेथें फळ येण्यास वर्षें लागतात आणि कित्येकदां फळ येतच नाहीं. यासच आज साहसी भांडवल म्हणतात. हा शब्द रूढ होण्यापूर्वींच हिंदुस्थानांत त्याचा एक थोर प्रयोग होऊन गेला. तो म्हणजे टाटांचा पोलादाचा कारखाना.

१९०४ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनीं मयूरभंज संस्थानांतील लोहखनिजाची वार्ता जमशेटजी टाटांस पत्रानें कळविली. त्याच वर्षीं जमशेटजी निवर्तले. पुत्र दोराबजी यांनीं लंडनच्या बाजारांत भांडवल मागितलें. तेथील धनिकांनीं हात आखडता घेतला. तेव्हां १९०७ सालीं मुंबईंत भाग विक्रीस काढले. वंगभंगानंतरच्या स्वदेशीनें लोकांचीं मनें भारलेलीं होतीं. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारें ८,००० देशी भागधारकांनीं १६,३०,००० पौंडांचें सर्व भांडवल भरून काढलें. पुढें ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं ४ लक्ष पौंडांचे कर्जरोखे एकट्यानें घेतले.

परंतु पैसा मिळाला म्हणजे पोलाद मिळालें, असें नव्हे. पहिलें पोलाद निघण्यास १९१२ साल उजाडावें लागलें. महायुद्धानंतर कारखान्याचा विस्तार चालू असतांच परदेशी पोलाद स्वस्त झालें, आणि १९२४ सालीं कामगारांचें वेतन देण्याचीही भ्रांत पडली. दोराबजींनीं पत्नीच्या दागिन्यांसह आपली खासगी मालमत्ता तारण ठेवून इंपीरियल बँकेकडून १ कोटी रुपये उभे केले. त्याच वर्षीं सरकारनें संरक्षक जकात बसविली, आणि कारखाना वांचला.

स्वातंत्र्यानंतर या मार्गास कायद्याची चौकट लाभली. साहसी भांडवलासंबंधीं सरकारचे पहिले नियम १९८८ सालीं झाले. १९९६ सालीं सेबीनें आपले नियम केले. २०१६ सालीं नवोदित उद्योगांसाठीं १०,००० कोटी रुपयांचा निधि योजिला गेला, व २०२५ सालीं संशोधनासाठीं १ लाख कोटींच्या योजनेस मंत्रिमंडळानें मान्यता दिली. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीनें खासगी भांडवलावर बांधलेला ‘विक्रम-एस’ अग्निबाण १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडाला.

मात्र असे खासगी निधि बहुधा दहा वर्षांच्या मुदतीचे असतात. मुदत संपली कीं गुंतविलेला पैसा सोडवून घ्यावा लागतो. पोलादाच्या कारखान्याची खरी कसोटी सतराव्या वर्षीं लागली. दहाव्या वर्षींच भागधारकांचा पैसा मोकळा करावा लागला असता, तर त्या कसोटीस उभें राहण्यास कोण उरलें असतें? गहन विद्येच्या उद्योगास पैशाइतकीच मुदतही पुरवावी लागते, हाच या इतिहासाचा बोध होय.