युनिक्स वर्कस्टेशनच्या गतिमापनाचा इतिहास : 'मिप्स' ते 'स्पेक'

संगणकाच्या इतिहासात यंत्रे, अभियंते आणि कंपन्या यांची नोंद तपशिलाने घेतली जाते. यंत्रांची गती मोजणाऱ्या साधनांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः १९८० च्या दशकात टेबलावर मावणाऱ्या महागड्या युनिक्स वर्कस्टेशनची खरेदी ज्या आकड्यांच्या आधारे होत असे, ते आकडे कसे ठरले हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे. मापनपट्टी कोणी तयार करावी आणि कोणी तपासावी, हा विश्वासार्हतेचा प्रश्न त्यामागे होता.

'मिप्स' म्हणजे एका सेकंदात पार पाडलेल्या आज्ञांची दशलक्षांतील संख्या. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा १९७७ मधील व्हॅक्स-११/७८० हा संगणक एक मिप्स क्षमतेचा मानला जाई व इतर यंत्रे त्याच्या पटीत मोजली जात. परंतु जोएल एमर आणि डग्लस क्लार्क यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार या यंत्राला एका आज्ञेस सरासरी १०.६ आवर्तने लागत. एक आवर्तन २०० नॅनोसेकंदांचे. म्हणजे प्रत्यक्ष वेग सेकंदाला पाच लाख आज्ञांहूनही कमी. ज्या शेराने सारा बाजार मोजत होता, तो शेरच अर्ध्या वजनाचा होता! निव्वळ तुलनेपुरते हे चालून गेले असते. पण साध्या आणि संख्येने अधिक आज्ञा वापरणारे 'रिस्क' प्रोसेसर आल्यावर आज्ञा मोजण्यालाच अर्थ उरला नाही.

यावर उपाय म्हणून नमुना आज्ञावली चालवून वेळ मोजण्याची पद्धत रुळली. १९७२ च्या 'व्हेटस्टोन' चाचणीचा भर अपूर्णांकी आकडेमोडीवर होता. तिच्या नावावर कोटी करून राइनहोल्ड वाइकर यांनी १९८४ मध्ये 'ड्राइस्टोन' प्रसिद्ध केली. मूळ 'एडा' भाषेतील ही चाचणी सी भाषेत आल्यावर सर्वत्र पसरली, कारण सी भाषेतील एकच आज्ञावली निरनिराळ्या कंपन्यांच्या युनिक्स यंत्रांवर कंपाइल करता येई. सेकंदाला १७५७ ड्राइस्टोन म्हणजे एक मिप्स असे समीकरण रूढ झाले. हा आकडाही व्हॅक्सचाच. तथापि ही आज्ञावली फार लहान होती. तिच्यातील काही गणनांचे फलित पुढे कोठेही वापरले जात नसल्याने चतुर कंपायलर ते काम सरळ वगळत. १९८८ ची दुसरी आवृत्ती या पळवाटा बुजविण्यासाठीच आली.

त्याच वर्षी अपोलो, ह्यूलेट-पॅकार्ड, मिप्स आणि सन या स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन 'स्पेक' ही संस्था स्थापन केली. १९८९ च्या पहिल्या संचात जीसीसी कंपायलरसह दहा आज्ञावली होत्या. व्हॅक्सच्या तुलनेत येणाऱ्या दहा गुणोत्तरांचा गुणोत्तरी मध्य हा यंत्राचा अंतिम गुण ठरे. यातील 'मॅट्रिक्स३००' ही आज्ञावली ३०० × ३०० च्या सारण्यांचा गुणाकार करी आणि तिचा ९९ टक्के वेळ एकाच ओळीत खर्च होई. आयबीएमच्या पॉवरस्टेशन ५५० वर सुधारित कंपायलरने हाच गुण सुमारे नऊपट वाढविला. यंत्र तेच; पण दहापैकी एक गुणोत्तर नऊपट झाले की गुणोत्तरी मध्य जवळजवळ २५ टक्क्यांनी वर जातो. याला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. सारणीचे लहान तुकडे करून ते जलद स्मृतीत ठेवण्याचे तंत्र खऱ्या शास्त्रीय गणनेतही उपयोगी पडते. दोष होता तो एका ओळीला एवढे वजन देणाऱ्या निवडीचा. १९९२ च्या संचातून 'मॅट्रिक्स३००' वगळण्यात आली.

स्पेकच्या या संचांचा भर प्रोसेसर, स्मृती आणि कंपायलर यांवर होता. कार्यप्रणालीचे मापन वेगळ्या वाटेने विकसित झाले. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात १९८३ मध्ये सुरू झालेला आणि पुढे 'बाइट' मासिकाने वाढविलेला 'युनिक्सबेंच' हा संच नवी प्रक्रिया निर्माण करणे, पाइपमधून माहिती पाठविणे, फाइलची नक्कल करणे अशी युनिक्सची नित्याची कामे मोजतो. त्याचा आधार म्हणजे सोलारिस २.३ वर चालणारे, १२८ मेगाबाइट स्मृतीचे 'जॉर्ज' नावाचे एक स्पार्कस्टेशन २०-६१. त्याचा निर्देशांक १० धरला आहे. आजच्या लिनक्स डेस्कटॉपचा निर्देशांकही त्याच जॉर्जच्या तुलनेत काढला जातो, आणि या संचात ड्राइस्टोन व व्हेटस्टोन या दोन्ही चाचण्या अद्याप कायम आहेत.