सही माणसाचीच

१४ एप्रिल १९६८. अमेरिकेत ऑगस्टा येथे मास्टर्स गोल्फ स्पर्धेचा अखेरचा दिवस. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्सोचा त्या दिवशी ४५वा वाढदिवस होता. सतरावा होल त्याने तीन फटक्यांत पूर्ण केला, हजारोंनी पाहिले. पण गोल्फमध्ये आपले फटके सोबतचा खेळाडू लिहितो. टॉमी एरनने चार लिहिले आणि दे विसेन्सोने कार्डावर तशीच सही केली. नियमाप्रमाणे जास्तीचा आकडाच कायम राहिला. बरोबरी हुकली, बॉब गोल्बी विजेता ठरला.

पुढे पीजीए टूरने शॉटलिंक ही संगणकीय यंत्रणा आणली. ती प्रत्येक फटक्याची जागा आणि अंतर टिपते. याच नोंदींवरून कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी कोणता खेळाडू कुठे फटके वाचवतो, हे मोजून दाखवले.

तरीही फेब्रुवारी २०२४मध्ये जेनेसिस स्पर्धेतून जॉर्डन स्पीथ बाद झाला. चौथ्या होलवर त्याला चार फटके लागले होते, कार्डावर मात्र तीन होते. कमी आकड्यावर सही झाली की खेळाडू स्पर्धेबाहेर.

खरा आकडा यंत्रणेकडे होताच. पण नियम खेळाडूची साक्ष मागतो. आपल्या शाळेतल्या निकालपत्रकाचेही तसेच आहे. बेरीज संगणक करतो. चुकली तर उत्तर सही करणाऱ्या शिक्षकालाच द्यावे लागते.