मिरचीच्या माहेरचे गादीवाफे



मिरचीचं रोप गादीवाफ्यावर टाकायचं, हे तुम्ही जाणताच. पण मिरचीचं माहेर मेक्सिको. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात गोव्यात आणली. तिकडे भाजीपाला, मका गादीवाफ्यावरही पिकवीत.

अझ्टेक लोकांची राजधानी तळ्यात वसलेली होती. उथळ पाण्यात मेढी रोवून कूड घालायचा, आत पाणवनस्पती व तळाचा गाळ थराथराने टाकायचा. वाफा पाण्याच्या वर आला की कडेला झाडं लावायची, म्हणजे मुळं बांध धरून ठेवतात. याला म्हणतात चिनाम्पा. कोणी 'तरंगती बाग' म्हणतात, ते खरं नव्हे. वाफा तळाला पक्का टेकलेला असतो. ओल बाजूच्या चरातून, खत त्याच चरातल्या गाळाचं!

१५२१ साली स्पॅनिशांनी राजधानी जिंकली. पुढे तळी आटवली, वाफे गेले. सोचिमिल्को भागात काही उरले. १९८७ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तरीही पुष्कळ पडीकच. आता काही शेतकरी तण काढून, चरातला गाळ वर टाकून ते पुन्हा पिकवताहेत.

तुमच्या परसात गवत माजलंय? तेच करा. मीटरभर रुंद, १५ सेंटिमीटर उंच वाफा करा. कुजलेलं शेणखत, तळ्याचा वाळलेला गाळ मिसळा. काळ्या रानात पावसाळ्यात पाणी साचून रोपं कोलमडतात, ती वाचतील. उन्हाळ्यात मात्र गादीवाफा लवकर सुकतो. तेव्हा सपाट वाफाच बरा.