साडेचार फुटांची भिंत

सेवाग्राम आश्रमात बापूंच्या दफ्तरात एक जुना टेलिफोन ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून तो बसवला होता. सहलीला आलेले पोट्टे तो डबा पाहून हसतात. मला तो पाहिला की एकच गोष्ट जाणवते. फोन दफ्तरात होता, चार माणसांसमोर.

पुढंही कितीतरी वर्षं तो चारचौघांतच राहिला. कधी शेजारच्या काकांकडे, कधी एसटीडी बूथवर. रांगेतल्या सगळ्यांना आपलं बोलणं ऐकू जायचं.

15 ऑगस्ट 1995 ला देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं. आमच्या पिढीला ते भेटलं सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून. तिथं पहिल्यांदा आडोसा आला. ऑगस्ट 2007 मध्ये मुंबईतल्या 16 वर्षांच्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला. ऑर्कुटवरच्या ओळखीतून त्याला बोलावलं गेलं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आरोपी 2012 मध्ये सुटले. पण 'ऑनलाइन मित्र' या शब्दाची धास्ती तेव्हाच घरोघरी पोचली.

2011 मध्ये केंद्रानं सायबर कॅफेसाठी नियम केले. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, अल्पवयीन मुलाला पालकाशिवाय त्यात बसवायचं नाही. नियम चांगला होता. पण 2016 मध्ये जिओ आलं, कॅफे ओस पडले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर शाळेनंच मुलांच्या हाती मोबाइल दिला. आता पांघरुणाची उंची कोण मोजणार?

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या ताईंचा फोन आला. पोरगा नववीत. गेममध्ये भेटलेल्या कुणीतरी त्याच्याकडून फोटो मागवून घेतला आणि मग पैशासाठी धमक्या सुरू केल्या. आठ दिवस पोरगं धड जेवलं नाही. घरी का नाही सांगितलं, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाबा मोबाइल फोडतील, अन् मलेही मारतील."

धमकावणाऱ्याची सगळी ताकद या एका वाक्यात होती.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये रोज संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्या गावांनीही करून पाहायला हरकत नाही. पण भोंगा दीड तासाचा. बाकीच्या वेळी पोराजवळ फक्त आपला शब्द असतो.

म्हणून आज जेवताना एवढंच सांगा : "काही झालं तरी आधी मले सांग. मी रागावणार नाही, मोबाइलही हिसकणार नाही." धमकी आली तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे जा. पैसे गेले असतील तर लगेच 1930. मुलांच्या अडचणीसाठी 1098.

दफ्तरातला फोन आता खिशात गेला. तो काही परत दफ्तरात जाणार नाही. पण पोरगं आपल्याजवळ येऊन बोलू शकतं. तेवढी वाट मोकळी ठेवू.